अर्धा काळा चेहरा

चीनमध्ये नववर्षाला दारावर लावायची चित्रं शतकानुशतकं लाकडी ठशांवरून छापली जात आली आहेत. त्यांतले सर्वांत ओळखीचे दोन द्वारपाल म्हणजे छिन छ्योंग आणि युची गोंग. आख्यायिका अशी, की भुताखेतांमुळे थांग सम्राट थायझोंगची झोप उडाली, तेव्हा हे दोन सेनापती रात्रभर त्याच्या दारात उभे राहिले. पुढे ते काम त्यांच्या चित्रांनी केलं. थ्येनजिनजवळच्या यांगल्यूछिंगमध्ये रेषा ठशाने छापतात, पण चेहरे कुंचल्याने हाताने रंगवतात. चेहऱ्याचा हा मान फार महत्त्वाचा. आधुनिक चिनी काष्ठमुद्रेची गोष्टही मला चेहऱ्यांचीच गोष्ट वाटते.

१९३१च्या ऑगस्टमध्ये लेखक लू शुन यांनी शांघायमध्ये एक छोटा वर्ग भरवला. शिकवायला जपानी शिक्षक उचियामा काकिची, दुभाषे स्वतः लू शुन आणि विद्यार्थी अवघे तेरा. एक फळी, एक कोरणी, थोडी शाई एवढ्यावर चित्राच्या हव्या तितक्या प्रती निघतात, आणि देश पेटलेला असताना असंच चित्र कामाचं, हे त्यांनी ओळखलं होतं. जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झची चित्रं त्यांनीच चिनी तरुणांपर्यंत पोहोचवली. १९३५मध्ये ली ह्वा यांनी ‘गरज, चीन!’ हे लहानसं चित्र कोरलं. खांबाला जखडलेला, डोळ्यांवर पट्टी बांधलेला उघडा माणूस तोंड फाडून ओरडतो आहे आणि त्याचा हात जवळच पडलेल्या सुरीकडे चाचपडतो आहे. डोळे झाकलेल्या चेहऱ्यात एवढा संताप मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मग जपानशी युद्ध आलं, आणि यांतले काही कलावंत कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या येनानच्या डोंगराळ मुलखात पोहोचले. गू युआनसारखे तरुण शेतकऱ्यांची चित्रं कोरत होते, तीही युरोपीय पद्धतीने: एका बाजूला उजेड, दुसरीकडे दाट काळी छाया. गावकऱ्यांना ती पटेनात. माणसाचं अर्धं तोंड काळं कशाला, असं ते विचारत. दारावरच्या चित्रांतले स्वच्छ, उजळ चेहरे पाहत वाढलेल्या डोळ्यांना त्या छायेत उजेड दिसत नव्हता, डाग दिसत होता. गू युआननी हे मनावर घेतलं. घटस्फोट मागणाऱ्या बाईचं चित्र त्यांनी पुन्हा कोरलं. छाया गेली, रेषा मोकळी झाली. प्रेक्षकाने कलावंताला असं शिकवल्याचं उदाहरण कलेच्या इतिहासात विरळाच. द्वारपालांच्या जागी सैनिक आणि शेतकरी आले तेही इथेच. शुभचिन्हाचं प्रचारचित्र होण्याची सुरुवातही इथलीच, आणि पुढच्या दशकांत त्यातल्या हसऱ्या, लालबुंद चेहऱ्यांचं ओझंच झालं.

ते ओझं उतरवणारे दोन कलावंत बीजिंगच्या केंद्रीय ललित कला अकादमीत मुद्राचित्रणच शिकले. शू बिंगनी चेहराच सोडला. ‘आकाशातून आलेलं पुस्तक’ या कलाकृतीसाठी त्यांनी सुमारे चार हजार अक्षरं कोरली. दिसायला अस्सल चिनी, पण एकाही अक्षराला अर्थ नाही. फांग लीजुन मात्र चेहऱ्याकडे परतले. प्लायवूडवर यंत्राने कोरलेल्या त्यांच्या अवाढव्य चित्रांत तोच टकला माणूस पुन्हा पुन्हा येतो, कधी एकटा, कधी गर्दीत, कधी पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेला. तो कुणाच्या दाराचं रक्षण करत नाही, कुणाला लढाईला हाक देत नाही. हसतो की किंचाळतो, हेही अनेकदा कळत नाही. आजच्या चीनचं यापेक्षा प्रामाणिक व्यक्तिचित्र कोरणीतून उतरलेलं मला ठाऊक नाही.