पोलादाचे बळ आणि पोलादाचा बाक



पोलाद हा शब्द आपण बळाच्या अर्थाने वापरतो. मनगट पोलादी असते, निर्धारही पोलादी असतो. त्यामुळे पोलादाचा पूल कोसळला असे कानावर आले की माल हलका वापरला असला पाहिजे, असाच तर्क आपण प्रथम करतो. परंतु पोलाद चांगले आणि देखरेखीला नामांकित तज्ज्ञ असूनही पूल पडू शकतो. तो कसा, हे आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

बांधकामाच्या अंगांवर मुख्यतः दोन प्रकारचे जोर येतात: ताण आणि दाब. विहिरीच्या दोराला ताण असतो, माजघरातील खांबाला दाब. ताणाचा स्वभाव सरळ आहे. दोराला बाक असला तरी भार लागताच तो सुटून दोर सरळ होतो. दाबाची रीत उलटी. किंचित वाकलेल्या काठीवर भार ठेवला की ती अधिक वाकते, आणि अधिक वाकली की तोच भार तिला आणखी वाकवू लागतो. एका मर्यादेपर्यंत काठी तग धरते. ती मर्यादा ओलांडली की क्षणात बाहेर उसळते. याला इंग्रजीत बकलिंग म्हणतात. आपण त्याला 'बाक धरणे' म्हणू.

शाळेतील पोलादी फूटपट्टी घ्या. एक इंच रुंद, एक मिलिमीटर जाड. ती टेबलावर उभी धरून वरून तळहाताने दाबा. हिशेबाने पाहिले तर तिचे पोलाद चेपण्यास सहाशे किलोंहून अधिक भार लागावा. प्रत्यक्षात चारपाच किलोंचा जोर पडताच ती कमान होऊन बाजूला जाते. गंमत अशी की हात काढताच ती पुन्हा पूर्ववत सरळ होते. म्हणजे पोलाद हरले नव्हते. पट्टीचे उभे राहणे तेवढे हरले होते.

या घटनेचे गणित ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ साली प्रसिद्ध केले. त्याचे सार असे: खांबाची लांबी दुप्पट केली तर त्याची भार पेलण्याची मर्यादा एक चतुर्थांश उरते. सडपातळ खांबाच्या बाबतीत पोलाद साधे की उंची, याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही, कारण दोन्हींचा ताठरपणा सारखाच असतो. फरक पडतो तो आकाराने. तीच फूटपट्टी लांबीच्या बाजूने वळवून तिची नळी केली, तर पोलाद तेवढेच राहूनही बाक धरण्याची मर्यादा हिशेबाने सुमारे शंभरपट होते. बांबू पोकळ असून ताठ उभा राहतो, त्याचे मर्मही हेच.

दुसरा उपाय म्हणजे आडबंध. स्लॅबखालचे टेकू मध्यावर आडव्या बल्ल्यांनी एकमेकांस बांधतात. त्या आडव्या बल्लीवर स्लॅबचे ओझे नसते. पण तिने टेकूची मोकळी लांबी निम्मी होते आणि मर्यादा चौपट. कामाची नाही असे समजून कोणी ती बल्ली काढून घेतली, तर काय होईल हे सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. कॅनडातील क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर विसाव्या शतकाच्या आरंभी एक रेल्वेपूल उभारला जात होता. मधला गाळा १,८०० फुटांचा. कलकत्त्याच्या हावडा पुलाचा गाळा १,५०० फुटांचा आहे, त्यावरून कल्पना यावी. दोन्ही तीरांच्या खांबांवरून सांगाड्याचे हात सज्जासारखे नदीवर पुढे काढावयाचे, अशी रचना होती. सज्जाची वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. या पुलाची दाबाखालची प्रचंड अंगे चार-चार उभ्या पट्ट्यांची होती आणि त्या पट्ट्या तिरप्या जाळीने एकत्र बांधल्या होत्या. जाळी टिकली तर चौघी मिळून एक खांब. जाळी तुटली तर चार सुट्या फूटपट्ट्या.

मूळ आराखडा १,६०० फुटांचा होता. गाळा वाढला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळीच नव्याने झाला नाही. चूक ध्यानात आली तेव्हा बरेच काम होऊन गेले होते, आणि सल्लागार अभियंता थिओडोर कूपर यांनी वाढलेला भार चालवून घेतला.

ऑगस्ट १९०७ मध्ये खालच्या अंगांत बाक दिसू लागला. एका अंगाचा बाक काही दिवसांतच पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला. अंग मुळातच वाकडे आले असावे, असे काहींचे म्हणणे पडले. परंतु मुळातला बाक वाढत नाही. हा वाढत होता. जागेवरील निरीक्षक नॉर्मन मॅक्ल्यूर हे कूपर यांना भेटण्यास न्यूयॉर्कला गेले. २९ ऑगस्ट रोजी कूपर यांनी पुलावर आणखी भार चढवू नये अशी तार कंपनीच्या कचेरीकडे केली. पुलावरचे काम मात्र थांबले नाही. त्याच सायंकाळी, पाळी संपत आली असताना, दक्षिणेकडचा सांगाडा काही सेकंदांत नदीत गेला. पुलावर ८६ माणसे होती, ७५ दगावली. त्यांतील ३३ जण कानावाके येथील मोहॉक जमातीचे कसबी कामगार होते.

सरकारी चौकशी आयोगाने दोष ठेवला तो रचनेवर: दाबाखालची अंगे आणि त्यांची जाळी कमकुवत होती. एवढ्या मोठ्या अंगांच्या पुरेशा चाचण्याच तोवर झालेल्या नव्हत्या. नवा पूल कितीतरी भारी अंगांनी बांधण्यात आला. त्याच्याही उभारणीत १९१६ साली मधला भाग वर चढवताना कोसळून १३ माणसे गेली. त्याचे कारण मात्र निराळे, उचलण्याच्या सामग्रीतील एक ओतीव भाग तुटला होता. १९१७ साली पूर्ण झालेला तो पूल आजही उभा आहे.

यातून आपण सर्वांनी ध्यानी धरावे असे एकच. ताणाखालचे अंग बहुधा लांबून, कुरकुरून सूचना देते. दाबाखालचे अंग देईल ती सूचना थोडक्या बाकाची, आणि तीही फार वेळ नव्हे. म्हणून टेकू, खांब किंवा कैचीचे अंग वाकलेले दिसले, तर त्याच्या दोन टोकांना दोरी ताणून बाक मोजावा आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजावा. मोजणाऱ्याने वाकलेल्या अंगाखाली उभे राहू नये. बाक वाढत असेल तर कारणाची चर्चा मागाहून करावी. आधी माणसे खाली उतरवावीत. क्वेबेकला मोजमाप झाले होते, पत्रे गेली होती, तारही गेली होती. पुलावरच्या माणसांना खाली या म्हणून सांगणारे मात्र कोणी नव्हते.