उपचार संपल्यानंतर

दिल्लीतील मोठ्या रुग्णालयांच्या किरणोपचार विभागापुढची बाके सकाळपासूनच भरलेली असतात. त्या बाकांवर बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या शेतकरी स्त्रिया असतात, गुडगाव-नोएडाच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या तरुणी असतात, आणि पतीच्या बदलीबरोबर पंधरावीस वर्षांपूर्वी दिल्लीस येऊन येथेच स्थिरावलेली एखादी मराठी गृहिणीही असते. स्तनाच्या कर्करोगावरची शस्त्रक्रिया झालेली असते, केमोथेरपीचे महिने कसेबसे पार पडलेले असतात, आणि एके दिवशी किरणोपचारांचा शेवटचा दिवस उजाडतो. डॉक्टर म्हणतात, "उपचार संपले. आता ही गोळी रोज एक घ्यायची, पाच वर्षे. तीन महिन्यांनी दाखवायला या." घरात पेढे येतात. नागपूरहून नणंदेचा फोन येतो, "सुटलात हो वहिनी एकदाच्या! आता कसली काळजी?" आणि त्याच रात्री, सारे घर निजल्यावर, त्या वहिनी अंधारात टक्क डोळ्यांनी पडून राहतात.

हे चित्र कोणा एकीचे नाही. भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२ या एका वर्षी देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला. या रोगाचे निदान म्हणजे अंत, अशी जी समजूत एकेकाळी घराघरांत होती ती आता खरी उरलेली नाही. वेळीच उपचार मिळालेल्या असंख्य स्त्रिया पुढे वर्षानुवर्षे जगतात. परंतु रोग गेल्यावरच्या या आयुष्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. म्हणूनच त्या आयुष्यातील दोन सोबती, एक भीती आणि दुसरा औषधांचा त्रास, यांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

भीती उपचारांच्या शेवटी का वाढावी, हा प्रश्न घरच्यांना साहजिकच पडतो. उपचार चालू असताना दर काही दिवसांनी रोगाविरुद्ध काहीतरी केले जात असते. ठरलेली तारीख असते, रक्ताची तपासणी असते, परिचारिकेची ओळखीची हाक असते. मनाला विचार करण्यास सवडच नसते. उपचार संपले की हा पहारा एकदम उठतो. शिवाय ज्या शरीरावर आजवर निर्धास्तपणे विश्वास टाकला, त्याने एकदा दगा दिलेला असतो. पूर्वी पाठ दुखली तर पाण्याची बादली उचलल्याचे निमित्त पुरत असे. आता तीच पाठ दुखली की रोग हाडात उतरला काय, ही शंका आधी येते. रोग परत येईल ही भीती इतकी सार्वत्रिक आहे, की कर्करोगाच्या मानसिक बाजूचा अभ्यास करणारे तज्ज्ञ तिचा स्वतंत्रपणे विचार करतात. ती भित्रेपणाची खूण नव्हे, श्रद्धा कमी पडल्याची तर मुळीच नव्हे. आणि विशेष म्हणजे, ती रोग परतल्याचा पुरावाही नव्हे.

या भीतीत भर घालते ती रोजची गोळी. तिचे काम समजले तर तिच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटते. १८९६ साली ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी दाखवून दिले, की स्तनाचा कर्करोग बळावलेल्या काही स्त्रियांचे बीजकोश काढून टाकले असता गाठी आक्रसतात. बीजकोशातून निघणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक अशा गाठींना पोसत असते, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले. १९६२ साली इंग्लंडमधील एका रसायन कंपनीत टॅमॉक्सिफेन नावाचे औषध तयार झाले. त्याचा शोध गर्भनिरोधक म्हणून चालला होता, आणि त्या कामी ते फसले. पण १९७३ पासून ब्रिटनमध्ये ते स्तनाच्या कर्करोगावर वापरात आले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याने स्थान मिळवले. त्याचे कार्य कुलपात चुकीची किल्ली घालून ठेवावी तसे आहे. पेशीतील ज्या जागी इस्ट्रोजेन बसावयाचे, तेथे हे औषध आधीच जाऊन बसते. ज्यांच्या गाठी संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या असतात, अशा स्त्रियांनी पाच वर्षे ही गोळी घेतल्यास पुढील पंधरा वर्षांत या रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटते. काहींना ती दहा वर्षेही दिली जाते. पाळी गेलेल्या स्त्रियांना पुष्कळदा लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल ही वेगळ्या जातीची औषधे देतात. ती शरीरात इस्ट्रोजेन बनण्याची क्रियाच रोखून धरतात.

जे संप्रेरक गाठीला पोसते तेच शरीरातील इतर अनेक कामे सांभाळते. दुष्परिणामांचे मूळ येथे आहे. मेंदूतील तापमानाची व्यवस्था ढळते आणि एकाएकी छातीपासून कपाळापर्यंत उष्णतेची लाट उसळते, घाम सुटतो, क्षणात अंग गार पडते. दिल्लीच्या मे महिन्यात, बाहेर लू वाहत असताना, हा अनुभव किती जाचक होत असेल याची कल्पना करता येईल. झोप तुटते, चिडचिड होते. योनिमार्ग कोरडा पडतो किंवा स्राव वाढतो. लेट्रोझोलसारख्या औषधांनी सांधे आखडतात. सकाळी उठल्यावर बोटांची मूठ वळत नाही, जमिनीवर बसून पोळ्या लाटणाऱ्या बाईस उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. हाडांची घनताही हळूहळू कमी होऊ शकते.

यांतील बहुतेक त्रासांवर इलाज आहे, हे पुष्कळ स्त्रियांना ठाऊकच नसते. उष्णतेच्या लाटांसाठी सैल सुती कपडे, उशाशी पाणी, कडक चहा आणि तिखटाला थोडी मर्यादा एवढ्यानेही काहींना उतार पडतो. न पडल्यास डॉक्टर व्हेन्लाफॅक्सिनसारखे औषध देऊ शकतात. मात्र नैराश्यावरील काही औषधे, उदाहरणार्थ पॅरोक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचा प्रभाव कमी करतात. म्हणून कोणतेही नवे औषध, मग ते घरगुती किंवा आयुर्वेदिक का असेना, आपल्या डॉक्टरांच्या कानावर घातल्यावाचून घेऊ नये. सांधेदुखीवर व्यायाम हा चांगला उतारा आहे. लेट्रोझोलच्या जातीची औषधे घेऊन सांधे दुखणाऱ्या अमेरिकेतील १२१ स्त्रियांवर झालेली एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दीडशे मिनिटे झपाझप चालणे आणि दोनदा वजने उचलण्याचा व्यायाम एवढ्यावर त्यांचे दुखणे स्पष्टपणे कमी झाले होते. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागते. ऊन दिल्लीत मुबलक. तरीही अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत येथील निरोगी माणसांतही या जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळली होती. तेव्हा रक्ताची आणि हाडांच्या घनतेची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

काही लक्षणांबाबत मात्र वाट पाहू नये. टॅमॉक्सिफेन घेत असता एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला तर तोही विनाविलंब दाखवावा. अशा वयातील स्त्रियांत या औषधाने गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका काहीसा वाढतो. तरुण स्त्रियांत तो जवळजवळ वाढत नाही.

खरी चिंतेची बाब वेगळीच आहे. त्रास सोसवत नाही, सांगवत नाही, म्हणून कित्येक स्त्रिया कोणास न कळवता गोळी बंद करतात. कॅलिफोर्नियातील ८,७६९ स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ठरलेला पूर्ण काळ नियमाने गोळी घेणाऱ्या जेमतेम निम्म्या आढळल्या. जेथे औषध सहज मिळते तेथील ही स्थिती. आपल्याकडे तर संकोचाचा अडसर अधिक. बाह्यरुग्ण विभागातील चार मिनिटांच्या भेटीत, भोवती माणसे उभी असताना, तरुण डॉक्टरला योनिमार्गाच्या कोरडेपणाविषयी कोणत्या तोंडाने सांगावयाचे, असा प्रश्न पन्नाशीच्या बाईला पडतो. दिल्लीतील मराठी स्त्रीपुढे भाषेचीही अडचण उभी राहते. भाजीवाल्याशी हिंदीत सहज हुज्जत घालणाऱ्या बाईला शरीराचे असे दुखणे सांगावयास आईचीच भाषा आठवते. मग, "कसं काय?" या प्रश्नाला "ठीक आहे" एवढे उत्तर जाते, आणि घरी आल्यावर डबीतील गोळ्या तशाच राहतात. पतीला त्याचा पत्ता नसतो. पतीपत्नीत आलेल्या दुराव्याचे कारण तो भलतेच समजत असतो.

याला साधा उपाय म्हणजे एक वही. कोणता त्रास, केव्हा, किती वेळ आणि त्यामुळे कोणते काम अडले, एवढे चार शब्दांत लिहून ठेवावे. तोंडाने सांगवत नसेल ते कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवता येते. स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका यांच्याशी बोलण्याची इच्छा दर्शवण्यातही काही गैर नाही. वेळ बदलून, दुसरे औषध देऊन किंवा काही दिवस विश्रांती देऊन मार्ग निघू शकतो. पण तो डॉक्टरांच्या संमतीने निघावा.

हीच वही भीतीच्याही उपयोगी पडते. पुष्कळांना वाटते, सारख्या तपासण्या केल्या म्हणजे मन निवांत होईल. इटलीत अडीच हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. लक्षणे नसताना वरचेवर हाडांची आणि छातीची चित्रे काढलेल्या स्त्रिया, नेहमीची शारीरिक तपासणी व मॅमोग्राफी झालेल्या स्त्रियांपेक्षा अधिक जगल्या नाहीत. म्हणून पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी एवढाच क्रम सामान्यतः सांगितला जातो. मधल्या काळात दुखले खुपले तर वहीत तारीख घालावी. चारदोन दिवसांत ते गेले, तर त्याची गणना नित्याच्या कुरबुरीत करावी. नवी गाठ लागली तर लगेच, आणि दुखणे दोन आठवडे टिकले किंवा वाढत गेले तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. दिवसभर मनात घोळणाऱ्या शंकेसाठी संध्याकाळची पंधरा मिनिटे राखून ठेवावी, आणि ती इतर वेळी आली तर तिला त्या वेळेचा वायदा द्यावा, अशीही एक रीत मानसोपचारतज्ज्ञ शिकवतात. भीती हटत नाही, पण तिला बसण्यापुरती जागा नेमून देता येते. झोप, भूक आणि घरकामावरचे लक्ष आठवडेच्या आठवडे उडाले असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही.

आणि शेवटी माणसे लागतातच. न्यूयॉर्कच्या टेरेसी लॅसर यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर १९५२ साली अशा रुग्णांना भेटण्याचे व्रत घेतले, आणि त्यातून मोठी चळवळ उभी राहिली. दिल्लीत हरमाला गुप्ता यांनी स्वतः कर्करोगातून उठल्यावर १९९१ साली 'कॅन्सर सहयोग' हा गट सुरू केला, आणि १९९६ साली घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणारी 'कॅनसपोर्ट' ही संस्था स्थापन केली. या कामाच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. त्याच वाटेने गेलेली बाई समोर येऊन बसते तेव्हा, "मलाही असेच होई," या तिच्या तीन शब्दांत जो धीर असतो तो औषधाच्या चिठ्ठीत नसतो.

घरच्या मंडळींकडूनही फार मोठी अपेक्षा नाही. "आता कसली काळजी?" असे विचारण्याऐवजी "आज काय वाटते आहे?" असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. तपासणीच्या आदल्या रात्री कोणी तरी जागे राहावे. रात्रीच्या जेवणानंतर पाण्याचा पेला आणि ती लहानशी गोळी कोणी तरी आठवणीने पुढे करावी. पाच वर्षे म्हणजे अठराशेहून अधिक रात्री. एकटीने मोजावयास त्या फार होतात.