चौथा फ्लॅग

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरी फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘यंदा झेंडा कोणाचा?’ घर म्हणजे रामाकोना. सौंसर तालुका, जिल्हा पूर्वी छिंदवाडा, २०२३ पासून पांढुर्णा. पांढुर्ण्याची गोटमार तुम्ही निदान बातम्यांत तरी पाहिली असेल. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णेकर, दुसऱ्या काठावर सावरगावकर. झेंड्याकडे जो जाईल त्याच्यावर समोरून दगड. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते कोणी वापरले नाहीत. मी लहानपणी एकदाच गोटमार पाहिली, काकाच्या खांद्यावर बसून, बरीच लांबून. लक्षात राहिलं ते एवढंच की मारणाऱ्याला आपला दगड कोणाला लागला हे कळत नव्हतं. एवढ्या दगडांत आपला एक, असं त्याला वाटत असावं.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला, पुण्यात, रात्री साडेअकरा वाजता मीही असाच एक दगड मारला.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. बी.ई. नागपूरला केलं, नोकरी पुण्यात. एका मराठी ॲपवर गेली काही वर्षं मी नियमित असतो. ॲपचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. शेती, स्वयंपाक, नोकरी, मुलांचे अभ्यास, कशावरही लोक तिथे लिहितात, प्रश्न विचारतात. लक्ष ठेवायला पगारी माणसं नाहीत, ते काम सदस्यच करतात. आवडलं तर वर मत, नाही आवडलं तर खाली मत, म्हणजे डाउनव्होट. काही नियमाबाहेरचं दिसलं तर फ्लॅग करायचा. चार वेगवेगळ्या सदस्यांचे फ्लॅग पडले की ते लेखन आपोआप झाकलं जातं. फ्लॅग पडलेल्या लेखनाची यादी जुन्या सदस्यांना दिसते. त्यांच्यातला मी एक.

त्या रात्री यादीत एकोणीस नोंदी होत्या. झटपट कर्ज, वजन घटवायचे काढे, घरबसल्या कमाई. अंगठा सवयीने चालला होता. मध्येच हे आलं:

‘संत्र्याची पत्ती पिवळी पडून राहिली, फळ बी गळून राहिलं. झाडाले का टाकू?’

तीन फ्लॅग आधीच पडलेले होते. दोघांनी कारण दिलं होतं ‘निरर्थक’, एकाने ‘मराठी नाही’. मतं उणे सात. खाली एकाने लिहिलं होतं, ‘नका टाकू मग, जबरदस्ती कोणी केली?’ या विनोदाला नऊ जणांनी वर मत दिलं होतं. मी चौथा फ्लॅग दाबला आणि पुढच्या नोंदीकडे वळलो. सगळं मिळून दोन सेकंद लागले असतील.

दुसऱ्या दिवशी आक्षेपांच्या रकान्यात त्या माणसाचं एकच वाक्य आलेलं होतं. ‘भाऊ, म्या का गलत लेहलं?’

ते मला वाचावंच लागलं नाही, काकाच्या आवाजात ऐकू आलं. आमच्याकडे ‘का’ म्हणजे ‘काय’. ‘झाडाले का टाकू’ म्हणजे झाडाला कोणतं खत, कोणतं औषध घालू. ‘पडून राहिली’ म्हणजे पडते आहे. गावाचं नाव त्याने दिलं नव्हतं, पण सौंसर-पांढुर्णा, काटोल, वरुड याच पट्ट्यातला माणूस. ही भाषा मी अठरा वर्षं बोललो आहे. शाळा हिंदीतून, आणि घरात हे असं. पुण्यात आलो तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत ‘पत्ती’चं ‘पान’ केलं, ‘करून राहिलो’चं ‘करतोय’ केलं, कारण मेसमध्ये पोरं हसायची. आणि आता त्या हसणाऱ्यांच्या रांगेत मी चौथा उभा होतो.

झाकलेलं लेखन उघडलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. त्या विनोदाच्या खाली एका बाईंनी नीट विचारलं होतं, ‘पानाच्या शिरा हिरव्या आहेत की सगळं पान पिवळं आहे? बुंध्यापाशी पाणी साचतं का? डिंक येतो का?’ ज्याच्या घरी संत्र्याची बाग आहे त्याला या तीन प्रश्नांची किंमत कळेल. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर बहुधा लोह, जस्त अशा सूक्ष्म अन्नद्रव्यांची कमतरता असते, त्यावर फवारणी चालते. सगळं पान पिवळं पडून गळत असेल, बुंध्यातून डिंक येत असेल, तर संशय मूळकुजीचा, डिंक्याचा. तिथे आधी पाण्याला वाट करून द्यावी लागते, आणि काळ्या जमिनीत भर पावसाळ्यात थांबायला वेळ नसतो. प्रश्न झाकला गेला तसं हे उत्तरही त्याच्यासकट झाकलं गेलं.

मी लेखन पुन्हा उघडं करून घेतलं, त्या माणसाला निरोप पाठवला, माफी मागितली. त्याचं उत्तर आलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी या बटणांचा विचार करत होतो. मुळात फ्लॅग आणि डाउनव्होट ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपण ती सर्रास एकच समजतो. डाउनव्होट म्हणजे वाचकाने वाचकाला दिलेला इशारा, की याचा उपयोग नाही, हे खाली जाऊ द्या. फ्लॅग म्हणजे राखण करणाऱ्यांना मारलेली हाक, की इथे नियम मोडलाय, येऊन बघा. मला पटलं नाही, भाषा आवडली नाही, हा माणूस आवडत नाही, यांतल्या कशासाठीही हाक मारायचं कारण नाही. खरं तर नुसतं पटलं नाही म्हणून डाउनव्होटही करू नये. रेडिटच्या शिष्टाचारात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि ते किती पाळलं जातं हे रेडिट वापरणाऱ्यांना मी सांगायला नको.

आमच्या धंद्यातल्या लोकांचं घर म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लो. २००८ पासून प्रोग्रामर तिथे एकमेकांच्या अडचणी सोडवतात. तिथला हिशोब पाहण्यासारखा आहे. फ्लॅग करायला १५ गुण लागतात, डाउनव्होट करायला १२५. दुसऱ्याच्या उत्तराला डाउनव्होट केला की त्याचे दोन गुण जातात आणि आपलाही एक जातो. हा एक गुण मला फार आवडतो. रक्कम क्षुल्लक आहे, पण खिशात हात घालावा लागतो, आणि तेवढ्यात माणूस पुन्हा एकदा वाचतो. (प्रश्नाला डाउनव्होट करताना मात्र आपलं काही जात नाही, आणि नवखा माणूस येतो तो प्रश्न घेऊनच.) कोणाचा राग धरून त्याच्या जुन्या लेखनाला ओळीने उणे मतं देत सुटलात, तर यंत्रणा ते ओळखून मतं रद्द करते. उलट एखाद्या लेखनावर स्पॅमचे सहा फ्लॅग पडले तर ते आपोआप निघतं आणि लिहिणाऱ्याचे १०० गुण जातात. एवढं सगळं बांधूनही एप्रिल २०१८मध्ये त्या कंपनीने स्वतःच जाहीर लिहिलं, की आमच्याकडे नव्याने येणाऱ्यांना, स्त्रियांना आणि अशा बऱ्याच जणांना ही जागा तुसडी वाटते.

आपल्या मराठीतही यावर विचार झालेला आहे. ‘ऐसी अक्षरे’वर प्रतिसादाला नुसतं अधिक-उणे देत नाहीत, श्रेणीला नाव असतं: मार्मिक, माहितीपूर्ण, अवांतर, खोडसाळ, भडकाऊ. मराठी विकिपीडियावर, जो २००३ साली सुरू झाला, डाउनव्होट हा प्रकारच नाही. पान काढावंसं वाटलं तर तसा साचा लावायचा, कारण द्यायचं आणि चर्चा करायची. तिथल्या सार्वजनिक चर्चेच्या पानाचं नावच ‘चावडी’ आहे. चावडीवर बोलायचं तर समोर बसावं लागतं. अर्थात कारण विचारलं म्हणजे विचार होतोच असं नाही. आमच्या ॲपवरही कारण विचारतातच, आणि दोघांनी शांतपणे ‘निरर्थक’ निवडलं होतं.

आधीची मतं दिसल्यामुळे आपण किती वाहवतो, यावर एक सुंदर प्रयोग झाला आहे. लेव मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३ साली तो ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. एका संकेतस्थळावरच्या एक लाखाहून अधिक प्रतिक्रियांपैकी काहींना त्यांनी येताक्षणी एक खोटं वर मत दिलं, काहींना एक खोटं खाली मत, उरलेल्यांना काहीच नाही. ज्यांना वरचं मत मिळालं होतं त्यांचे अखेरचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी फुगले. खालच्या मताचं मात्र तसं झालं नाही. ते पाहून काही जणांनी री ओढली, पण काहींनी मुद्दाम वर मत देऊन भरपाई केली आणि हिशोब जवळजवळ बरोबरीत आला. वाचून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. पडलेल्याला हात देणारे असतात, हे आकड्यांत दिसलं. मी त्यांच्यात नव्हतो.

दुसरा अभ्यास २०१४चा, स्टॅनफर्डच्या संशोधकांचा, बातम्यांच्या आणि करमणुकीच्या चार संकेतस्थळांवरचा. उणे मतं मिळालेला माणूस सुधारतो का, असा प्रश्न होता. सुधारत नाही. तो आणखी लिहितो, आणखी वाईट लिहितो, आणि दुसऱ्यांना उणे मतं द्यायला लागतो. ज्यांना ना बरं ना वाईट, कसलंच मत मिळत नाही, ते सोडून जाण्याची शक्यता सगळ्यांत जास्त असते. म्हणजे खोडी काढणाऱ्याला डाउनव्होटांनी झोडपण्यापेक्षा कधीकधी लक्ष न देणं परवडतं. हे माझ्या पिढीला पटायला जड जातं.

मग ही बटणं वापरूच नयेत का? तसं मला म्हणायचं नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मंगळवेढ्याकडून आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर फिरणारी माणसं ती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. पण तिथे डाउनव्होट नाही, चावडी नाही. निरोप कंपनीलाही वाचता येत नाहीत. आपण तक्रार केली तरच शेवटचे पाच निरोप तिच्याकडे जातात. गटात कोणी ‘हे खोटं आहे’ म्हणालं तर तोच तिथला फ्लॅग.

त्या उन्हाळ्यात तसाच एक निरोप आमच्या घरच्या गटातही आला होता. पाठवला होता आत्याच्या यजमानांनी, त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. खोटा आहे हे मला पाहताक्षणी कळलं होतं. मी काही लिहिलं नाही. मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर कसं टोकायचं? त्यांना बाजूला फोनही केला नाही. सुदैवाने आमच्या भागात त्यावरून काही घडलं नाही. पण हिशोब मांडला तर तो असा निघतो: जिथे बोलायला हवं होतं तिथे नात्याची भीड आडवी आली, आणि जिथे गप्प बसायला हवं होतं तिथे समोरचा अनोळखी, एकटा आणि माझ्या मेसमधल्या पोरांना हसू येईल अशी भाषा बोलणारा होता. तिथे दोन सेकंदही विचार केला नाही.

आता मी यादी उघडतो तेव्हा आधीचे फ्लॅग किती ते हाताने झाकून वाचतो. हसण्यासारखं आहे, बायको हसतेच. वाक्य विचित्र वाटलं तर मोठ्याने म्हणून बघतो. बोलीतली मराठी डोळ्यांना परकी वाटते, कानाला नाही. कोणता नियम मोडला ते मला एका वाक्यात सांगता आलं नाही तर फ्लॅग करत नाही. कर्जाच्या सापळ्यांना आणि धमक्यांना लगेच करतो, आणि कोणाचे पैसे गेले असतील तर त्याला १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांकही देतो, कारण नुसत्या फ्लॅगने पैसे परत येत नाहीत. ‘मराठी नाही’ हे कारण यादीतून काढा, किंवा ते निवडणाऱ्याला आधी ‘ही बोली असू शकते का?’ असं विचारा, अशी सूचना मी केली आहे. त्यावर अजून वाद चालू आहे. प्रमाण भाषा राहिली पाहिजे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला कळतो. पण महाराष्ट्राबाहेर राहून मराठी टिकवलेल्या आपल्यासारख्या घरांत हिंदी, गुजराती, कन्नड शब्द आल्याशिवाय वाक्य पुरं होतं का, हे तुम्हीच सांगा.

तो शेतकरी अकरा दिवसांनी परत आला. मला तिथून काढून टाकलं असं समजून त्याने ॲप उघडलंच नव्हतं. फोटो टाकला, बुंध्यावर डिंकाचे ओघळ दिसत होते. त्या बाईंनी चर काढायला सांगितलं आणि नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्रात नमुना दाखवायला सांगितला. दोन झाडं गेल्याचं त्याने नंतर कळवलं. पहिल्याच दिवशी उत्तर वाचलं असतं तर ती वाचली असती का, हे मी त्याला विचारलं नाही.

यंदा जुलैत त्याचा नवा प्रश्न आला. ‘संत्र्याच्या झाडाची पाने पिवळी पडत आहेत. काय टाकावे?’ फ्लॅग एकही नव्हता, मतं अधिक चार. मी त्याखाली लिहिलं, ‘भाऊ, कधीपासून पिवळी पडून राहिली पत्ती?’