मेंदीच्या कुंपणातला बुलबुल

आमच्या घरात पाखरांचे फोटो काढण्याची सुरुवात एका चुकीने झाली. ती आधी सांगून टाकतो.

अमरावतीच्या आमच्या घरामागे मेंदीचं कुंपण आहे. त्यात बुलबुलाने घरटं केलं होतं. वाटीएवढं घरटं, आत तीन पिल्लं. नातेवाइकांकडून नुकताच एक जुना कॅमेरा मिळाला होता, त्यामुळे उत्साह दांडगा. डहाळ्या मध्ये येत होत्या, म्हणून आम्ही त्या सुतळीने मागे बांधल्या आणि तासभर फोटो काढले. फोटो सुरेख आले. सगळ्या खानदानात मोबाइलवर फिरले, वाहवा झाली. सुतळी सोडायची मात्र राहून गेली. दुसऱ्या दिवशी फजरनंतर पाहिलं तर घरटं रिकामं आणि भिंतीवर कावळा बसलेला. बुलबुलाची जोडी दुपारपर्यंत तारेवर ओरडत होती. मुलांची दादी एवढंच म्हणाली, "तुम्ही तर तिच्या घराचं दारच काढून ठेवलंत."

प्रवासात काही सहाबांनी एका पाखराची दोन पिल्लं उचलली, आई पंख पसरून घिरट्या घालू लागली आणि प्रेषितांनी (स.) ती पिल्लं परत ठेवायला लावली, हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेला असतो. आम्हीही ऐकला होता. पण आम्ही पिल्लांना हात कुठे लावला होता? फक्त डहाळ्या तर बांधल्या. त्याचा परिणाम तोच होऊ शकतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

लहान पाखराच्या घरट्याभोवतीची पानं म्हणजे त्याचं छत आणि पडदा. आपल्या वऱ्हाडातलं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. पंख न फुटलेलं पिल्लू त्यात थोडा वेळही टिकत नाही. शिवाय माणूस कुठे वाकून पाहतो याकडे कावळ्याचं बारीक लक्ष असतं. आपण निघालो की तो तिथे उतरतो. बुलबुलाची पिल्लं बारा-तेरा दिवसांत घरटं सोडतात. तेवढे दिवस कळ काढली असती तर तीच पिल्लं फांदीवर बसलेली आम्हाला सापडली असती.

त्या दिवसापासून घरट्याचा फोटो आमच्याकडे बंद. मग काढायचा कशाचा? तर पाखरू जिथे स्वतःहून येऊन बसतं तिथला. ही जागा ओळखणं हीच अर्धी विद्या आहे. गप्पीदास एकाच काडीवरून उडतो, किडा पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच काडीवर परत येतो. वेडा राघूही तसाच. हिवाळ्यात आम्ही अकोल्याला मुलांच्या फुफीकडे जातो तेव्हा कापशी तलावाकडे एक फेरी ठरलेली असते. तिकडच्या तुरीच्या शेतात, सगळ्यात उंच शेंड्यावर गप्पीदास बसलेला सापडतो. शेतमालकाला विचारून धुऱ्यावर बाभळीच्या सावलीला बसायचं आणि हलायचं नाही. पहिला अर्धा तास काहीच घडत नाही. मुलं कंटाळतात, कोणी तरी डबा उघडतं. मग एकदम पंधरा फुटांवर पाखरू येऊन बसतं, कारण त्याच्या लेखी आपण आता धुऱ्याचा भाग झालेलो असतो.

चालत जाऊन पाखराला गाठता येत नाही, हे आम्हाला फार उशिरा उमगलं. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर. वटवट्या आणि शिंपी त्याहून थोडे मोठे. आपण दोन पावलं पुढे टाकली की ते चार फांद्या मागे. गाडीत बसून राहिलं तर मात्र ते जवळ येतात. गाडीला ते माणूस समजत नाहीत. काच खाली करायची आणि खिडकीवर तांदळाची लहान पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायची. ट्रायपॉडची गरज नाही.

ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. लेन्स निदान 300 मिलिमीटरची हवी, ती वापरलेली घेतली तरी चालते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवावं, कारण एवढी पाखरं क्षणभरही स्वस्थ बसत नाहीत. फोकस डोळ्यावर, डोळा स्पष्ट असला की बाकी धूसर चालून जातं. आणि सूर्य आपल्या पाठीशी असावा. फजरची नमाज पढून थेट निघालं की छत्री तलावावर किंवा पोहरा-मालखेडच्या रस्त्यावर जो कोवळा उजेड मिळतो, तसा नंतर दिवसभर मिळत नाही. दुसरी वेळ असरपासून मगरिबपर्यंतची. मधल्या वेळेत घरी झोपा.

आता उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो, नाले कोरडे पडतात आणि सगळी पाखरं एकेका डबक्यावर येतात. फोटो काढणाऱ्यांना ही पर्वणीच वाटते. पण डबक्यापासून पाच हातांवर चार माणसं बसली तर बुजरी पाखरं तहानलेलीच परत जातात, आणि दुसरं पाणी मैलभर नसतं. आम्ही उन्हाळ्यात रानातल्या पाण्यावर जात नाही. त्यापेक्षा गच्चीवर मातीच्या परळात पाणी ठेवतो आणि दाराच्या जाळीआडून पाहतो. बुलबुल, दयाळ, चिमण्या, एखादा शिंजीर, सगळे येतात.

मोबाइलवर पाखराची साद वाजवून त्याला जवळ बोलावण्याचा प्रकार तर आम्हाला सरळ फसवणूक वाटतो. नराला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला. चारा सोडून तो ओरडत, शोधत बसतो. असली भीती आपल्या मेळघाटातल्या रान पिंगळ्याबद्दल जास्त वाटते. वीतभर उंचीचं हे घुबड, दिवसाढवळ्या सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसणारं. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. जगाने ते संपलं असं मानलं होतं. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळ पुन्हा दिसलं, आणि पुढे मेळघाटातही सापडलं. एकोणिसाव्या शतकात या पाखराचा पुरावा म्हणजे बंदुकीने मारून संग्रहालयात ठेवलेली मोजकी कातडी. 1997 साली ते जिवंत असल्याचा पुरावा होता फोटो आणि चित्रफीत. पाखरू फांदीवरच राहिलं.

डॉ. सालिम अली यांची वाटही बंदुकीपासूनच सुरू झाली होती. मुंबईत 1896 साली जन्मलेल्या या मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे मामा अमीरुद्दीन तय्यबजींना सांगता येईना, तेव्हा त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या मुलीला मात्र त्यांची सुगरणीची गोष्ट जास्त आवडते. 1930 साली किहीमला बसून त्यांनी दिवसच्या दिवस सुगरणींची घरटी न्याहाळली. घरटं नर विणतो, अर्धं झालं की मादी येऊन पारख करते, पसंत पडलं तरच राहते. ती पसंत करून गेली की नर दुसरं घरटं विणायला घेतो. पावसाळ्यात विहिरीवर वाकलेल्या बाभळीला ही घरटी लोंबताना आपल्याकडेही दिसतात. नर बाहेरच लटकून पंख फडफडवत असतो, त्यामुळे समोरच्या काठावरूनही त्याचा फोटो मिळतो.

यंदा जूनमध्ये मेंदीत पुन्हा बुलबुलाची ये-जा सुरू झाली. मुलीने ते आधी दादीला सांगितलं, मग आम्हाला. कॅमेरा स्वयंपाकघराच्या खिडकीतच ठेवला होता. चोचीत अळी घेऊन मादी कुंपणावर टेकली तेवढ्यात एकच फोटो निघाला. अर्धं डोकं पानाआड आहे आणि खिडकीच्या जाळीची सावली आली आहे. तो छापून आणायला दिला तेव्हा दुकानदाराने विचारलं, याहून चांगला नाही का? मुलगी म्हणाली, "हाच द्या. पिल्लं चौथ्या दिवशी उडाली."