चौकट सिमेंटने धरत नाही

पुण्याच्या नारायण पेठेत एकाच गल्लीत तीन काळांच्या भिंती शेजारीशेजारी उभ्या असतात. एक वाड्याची, मातीच्या गाऱ्यात रचलेली, दीड-दोन फूट जाडीची. दुसरी भाजक्या विटांची आणि सिमेंटची. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटून मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं, कितीतरी वाडे खचले, आणि त्यानंतरच्या दशकांत ज्या इमारती उठल्या त्यांतली ही भिंत. तिसरी आताच्या पुनर्विकासातली, हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकची. दार-खिडकी बसवणारा माणूस मात्र तिन्ही ठिकाणी बहुधा तेच ड्रिल, तेच स्क्रू आणि तेच प्लग घेऊन येतो. घरमालक चौकट सागवानी घ्यावी की यूपीव्हीसीची, यावर आठवडेच्या आठवडे घालवतात. ती भिंतीला कशाने धरणार, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते चौकट किती वर्षं हलणार नाही हे या न विचारलेल्या प्रश्नावर ठरतं, आणि त्याचं उत्तर लाकडात नसून भिंतीत असतं.

सगळ्यात रुजलेला गैरसमज म्हणजे चौकटीच्या कडेने सिमेंट भरलं की ती पक्की झाली. सिमेंटचा माल विटेला धरतो, कारण वीट पाणी शोषते आणि तिचा पृष्ठभाग खरबरीत असतो. रंधलेल्या, रंग किंवा डांबर लावलेल्या लाकडाला तो जेमतेम चिकटतो. शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंट आपल्या जागी राहतं. एक-दोन वर्षांत चौकटीभोवती केसासारखी चीर दिसते ती यामुळे. यावर कुणी म्हणेल, दाराचं ओझं असतं तरी किती? हिशेब करून पाहू. 30 किलो वजनाचं, 90 सेंटीमीटर रुंदीचं दार धरा. वरच्या आणि खालच्या बिजागरीत पावणेदोन मीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीवर आडवी ओढ येते जेमतेम सात-आठ किलोची. पण ही स्थिर ओढ झाली. वाऱ्याने दार आपटतं तेव्हा चौकटीला धक्का बसतो, आणि असे धक्के वर्षानुवर्षं बसत राहतात. सुटलेल्या मालाला ते पेलत नाहीत. म्हणून लोखंडी पट्टीचा होल्डफास्ट लागतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतला नेहमीचा होल्डफास्ट 40 मिलिमीटर रुंद, 5 मिलिमीटर जाड आणि 40 सेंटीमीटर लांब असतो. तो चौकटीला बोल्टने आवळायचा आणि त्याचं दुसरं टोक भिंतीत 30 बाय 10 बाय 15 सेंटीमीटरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यात गाडायचं. दाराला प्रत्येक बाजूला तीन, ही रूढ पद्धत. म्हणजे चौकटीला धरतो तो ठोकळा आणि पट्टी. कडेचं सिमेंट फक्त फट बुजवतं.

इथे एक आक्षेप हमखास येतो: वाड्यांच्या दारांना कुठे होती असली पट्टी? ती तर शंभर-दीडशे वर्षं उभी राहिली. आक्षेप रास्त आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. जुन्या बांधणीत चौकट आधी उभी करत आणि भिंत तिच्याभोवती चढवत. चौकटीच्या वरच्या-खालच्या आडव्या लाकडांची टोकं दोन्ही बाजूंना बाहेर काढलेली असत आणि ती भिंतीत चिणली जात. वरच्या बांधकामाचं वजनच त्यांना दाबून धरी. जुनी जड दारं पुष्कळदा बिजागरीवर नसत. फळीच्याच अंगचे लाकडी खुंट वर-खाली खोबणीत फिरत. दाराचं वजन खाली उंबऱ्यात उतरे, आडवी ओढ वरच्या लाकडात जाई, उभ्या बाजूवर फारसा ताण येतच नसे. चौकट पकडून ठेवण्याची सोय तिथेही होती, ती बांधण्याच्या क्रमात होती. आज भिंत आधी होते, त्यात भोक ठेवतात आणि तयार चौकट मागून सरकवतात. तो क्रम गेला, तेव्हा त्याचं काम करणारं लोखंड घालावंच लागतं.

दुसरा गैरसमज सामानाच्या दुकानातच घट्ट होतो: स्क्रू जितका जाड आणि अँकर जितका मोठा, तितकी पकड जास्त. प्रसरण पावणारा अँकर फास्टनर भिंतीला आतून बाहेर रेटतो आणि त्या दाबावर तो टिकतो. काँक्रीट हा दाब सहन करतं. विटेच्या कडेपासून दोन बोटांवर तोच अँकर आवळला की वीट फुटते, आणि मातीच्या सांध्यात तर त्याला रेटायला काही सापडतच नाही. एएसी ब्लॉकची घनता 550 ते 650 किलो प्रति घनमीटरच्या आसपास, म्हणजे विटेच्या घनतेचा साधारण तिसरा हिस्सा. तिथे मोठा अँकर आजूबाजूचा ब्लॉकच चुरडतो. अशा भिंतीत एएसीसाठी बनवलेले लांब नायलॉन प्लग वापरावेत. त्याहून चांगलं म्हणजे बांधतानाच चौकटीच्या पकडीच्या जागी काँक्रीटचे ठोकळे घालून ठेवावेत. विटेत भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा, भोक सांध्यात न पाडता विटेच्या पोटात पाडावं आणि आतली भुकटी फुंकून काढावी. ही साधी गोष्ट बहुतेक कारागीर घाईत टाळतात, आणि स्क्रू फिरत राहिला की दोष प्लगवर ढकलतात.

यूपीव्हीसीच्या खिडक्यांबरोबर पिवळा फोम आला आणि नवा समज पसरला की फोम मारला की खिडकी बसली. फोम फट भरतो, वारा आणि आवाज अडवतो. तो सुरीने कापता येतो आणि उघडा राहिला तर उन्हात भुसभुशीत होतो. दीड मीटर लांबीची यूपीव्हीसीची पट्टी तापमान 30 अंशांनी वाढलं तर सुमारे तीन मिलिमीटर लांबते, म्हणून कडेने फट हवीच आणि तिच्यात फोमही हवा. पण वजन आणि वाऱ्याचा दाब स्क्रूंनीच पेलायचा: कोपऱ्यापासून सुमारे 150 मिलिमीटरवर पहिला, पुढे दर 600 मिलिमीटरच्या आत एकेक. फोम जास्त मारला तर तो फुगून चौकटच आत वाकवतो आणि पल्ला अडकायला लागतो.

होल्डफास्ट तयार भिंतीत बसत नाही, असं ठेकेदार सांगतात. बसतो, भिंतीत खाच कोरून ठोकळा ओतावा लागतो आणि तो पुरेसा कडक होईपर्यंत दार टांगायचं थांबावं लागतं, इतकंच. वाड्याची खिडकी बदलताना मात्र याहून मोठी काळजी घ्यावी लागते. तिथे चौकटीच्या वरच्या लाकडावर भिंतीचा भार खरोखर आलेला असू शकतो. जुनी चौकट उपसण्याआधी वरच्या भागाला टेकू द्यायला हवा, आणि भार नेमका कशावर आहे हे जाणकाराकडून आधी पाहून घ्यायला हवं. नव्या इमारतीत हा भार लिंटल, म्हणजे दार-खिडकीवरची काँक्रीटची आडवी तुळई, घेते, त्यामुळे तिथे शिकलेला कारागीर वाड्यातही पहारीनेच सुरुवात करतो.