प्रयोग करणारे हात

विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांची कोणतीही वही उघडली, तर तिच्यात एक क्रियापद वारंवार आढळते : ‘पाहा’. द्रावणाचा रंग पाहा, काटा कोठे स्थिरावतो ते पाहा, तापमापीतील पातळी पाहा. ही भाषा इतकी अंगवळणी पडलेली आहे, की प्रयोग करणे म्हणजे डोळ्यांनी पाहणे, अशी समजूत नकळत सर्वांचीच होऊन बसते. दृष्टिहीन विद्यार्थ्याचे प्रयोगशाळेतील स्थान याच समजुतीने ठरते. तो स्टुलावर बसतो. शेजारचा विद्यार्थी प्रयोग करतो आणि आकडे सांगतो. हा ते ब्रेलमध्ये टिपून घेतो. त्याला अपघात होत नाही, गुणही मिळतात. मात्र प्रयोग त्याने केलेला नसतो. पुष्कळदा तर एवढेही घडत नाही. प्रात्यक्षिक माफ करून त्याऐवजी लेखी प्रश्न दिले जातात. ही सवलत सद्‍भावनेनेच दिलेली असते; पण पुढे तिचाच दाखला देऊन विचारले जाते, की ज्याने प्रात्यक्षिके केलेली नाहीत, त्याला विज्ञानशाखा कशी द्यावी?

म्हणून प्रयोगात डोळा नेमके कोणते काम करतो, हे आधी समजून घ्यावयास हवे. मिठाच्या स्वच्छ पाण्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे थेंब टाकले, की पांढरा साका तयार होतो. तो डोळ्यांना दिसतो, याचा अर्थ एवढाच, की द्रावणातून आरपार जाणारा प्रकाश कमी झालेला असतो. प्रकाश कमी झाला ही भौतिक घटना आहे. ती डोळ्यानेच टिपली पाहिजे असा निसर्गाचा नियम नाही. प्रकाश मोजणारे साधन द्रावणात बुडवले आणि त्याच्या मापाचे ध्वनीत रूपांतर केले, तर तीच घटना कानांनाही कळू शकते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नेमके हेच करण्यात आले. केरी सुपालो हे स्वतः दृष्टिहीन असलेले रसायनशास्त्रज्ञ त्या प्रकल्पाच्या अग्रभागी होते. काचेच्या नळीत बसवलेला प्रकाशसंवेदक परीक्षानळीत बुडवायचा. बाहेरच्या पेटीतून एक अखंड स्वर ऐकू येतो. साका तयार होऊ लागला, की स्वर बदलू लागतो. विद्यार्थी स्वतः थेंब टाकतो आणि स्वर बदलताच त्याला कळते, की अभिक्रिया घडली. पुढे तापमान, आम्लता यांसारखी मापे मोठ्याने बोलून सांगणारे हातात मावणारे यंत्रही याच प्रयत्नांतून तयार झाले. डोळस विद्यार्थ्यांनाही अशा साधनांचा लाभ होऊ शकतो. अनुमापनाच्या वेळी दर्शकाचा ‘फिकट गुलाबी’ रंग नेमका कोणत्या थेंबाला आला, याविषयी दोन डोळस विद्यार्थ्यांचे एकमत होणे सोपे नसते. संवेदकाला असा मतभेद ठाऊक नाही.

अशी यंत्रे सर्वत्र मिळत नाहीत आणि स्वस्तही नसतात. पण प्रत्येक वेळी यंत्राची गरज पडतेच असे नाही. ठराविक प्रमाणात द्रव घ्यायचा असेल, तर इंजेक्शनच्या प्लॅस्टिकच्या सिरिंजच्या दट्ट्यावर दर पाच मिलिलिटरला एक खाच पाडता येते. खाच नखाला लागली, की माप झाले. वजनाच्या तराजूची दांडी समपातळीत आली का, हे हलक्या हाताने तिच्या दोन्ही टोकांना स्पर्श करून कळते. साहित्य काठ असलेल्या ट्रेमध्ये ठेवावे, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी आणि वापरल्यानंतर ती तेथेच परत जावी. हा नियम खरे तर प्रत्येक प्रयोगशाळेला हवा. फरक इतकाच, की तो मोडल्याची अडचण दृष्टिहीन विद्यार्थ्याला सर्वांत आधी जाणवते. आम्ल हाताळताना संरक्षक चष्मा त्यालाही अनिवार्य आहे. ‘त्याला चष्मा कशाला?’ असे विचारणारेही भेटतात. डोळा पाहत नसला, तरी तो भाजतो, एवढेच त्यांना सांगावे लागते.

काही प्रयोगांत तर हात डोळ्याच्या पुढे जातो. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले अभियंता अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरीस होते. १९७८ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांपासून आकृत्या बनवण्याची पद्धत विकसित केली. पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो वैज्ञानिक खेळणी घडवली. ही पद्धत खास दृष्टिहीनांसाठी आखलेली नव्हती. पण तिच्यात रंग नाही, छापील आकृती नाही, जे आहे ते सगळे बोटांत मावणारे आहे.

काडीचे गुल खरवडून काढायचे आणि नळीच्या छोट्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसायची, की झाला सांधा. असे तीन सांधे जोडले, की त्रिकोण तयार होतो. तो चिमटीत धरून कितीही दाबला, तरी त्याचा आकार बदलत नाही. मग चार काड्यांचा चौरस करावा. किंचित दाब दिला, की तो कलंडतो आणि समभुज चौकोन होतो. आता चौरस ताठ करण्यासाठी समोरासमोरचे कोपरे जोडणारी आणखी एक काडी बसवू गेले, तर ती तोकडी पडते. कारण चौरसाचा कर्ण बाजूपेक्षा मोठा असतो. मात्र चौरस दाबत दाबत नेला, की एका क्षणी तीच काडी बरोबर बसते आणि सगळी आकृती एकदम घट्ट होते. हातात आता एकमेकांना चिकटलेले दोन समभुज त्रिकोण असतात. रेल्वेच्या लोखंडी पुलांच्या बाजूंना त्रिकोणांची रांग का असते, हे येथे कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फळ्यावरच्या चित्रात त्रिकोण आणि चौरस दोन्ही सारखेच स्थिर दिसतात. त्यांच्यातील भेद दाबल्याशिवाय उघड होत नाही.

विद्युत-मंडलांच्या बाबतीत मात्र ‘हे दृष्टिहीनांचे काम नव्हे’ असे ठामपणे म्हटले जाते. तार बारीक, सांधा लहान आणि डाख देण्याचे टोक तापलेले. प्रत्यक्षात सॅन फ्रान्सिस्कोच्या स्मिथ-केटलवेल नेत्रसंशोधन संस्थेतील बिल गेरी हे दृष्टिहीन अभियंता १९८० ते १९९८ या काळात दृष्टिहीन जोडारी आणि हौशी तंत्रज्ञ यांच्यासाठी एक तांत्रिक नियतकालिक चालवत होते. त्यात आकृत्यांऐवजी शब्द असत : अमुक पायाला अमुक रोधक जोडा, त्याचे दुसरे टोक बॅटरीच्या धन बाजूस न्या. असे वर्णन वाचून किंवा ऐकून वाचक मंडल जुळवू शके. डाख देण्याच्या पद्धतीही शब्दांत उतरवलेल्या आहेत. त्यांतील एकीत डाखाच्या तारेचा छोटा तुकडा आधीच सांध्याभोवती गुंडाळतात आणि मग तापलेले टोक त्या जागी टेकवतात. त्यामुळे एकाच वेळी डाखाची तार आणि तापलेले टोक सांभाळण्याची कसरत उरत नाही. टोक ओल्या स्पंजला लावले असता येणारा ‘चर्र’ आवाज ते पुरेसे तापल्याची खूण देतो. याच संस्थेत पुढे जोशुआ मीली या दृष्टिहीन शास्त्रज्ञाने ‘ब्लाइंड अर्डुइनो’ हा उपक्रम सुरू केला. अर्डुइनो म्हणजे संगणकावरून आज्ञावली भरता येणारी एक लहान पट्टी. तिला संवेदक, घंटा, मोटर असे काहीही जोडता येते. दृष्टिहीन व्यक्तींनी ती स्वतः जोडावी आणि आपल्याला लागणारी साधने स्वतःच बनवावीत, हा त्यामागील हेतू. मीली यांना २०२१ साली मॅकआर्थर फाउंडेशनची प्रतिष्ठित शिष्यवृत्ती मिळाली.

वर सांगितलेल्या प्रकाश ऐकवणाऱ्या साधनाचा साधा अवतार शाळेतही बनवता येतो. त्यासाठी ५५५ या क्रमांकाची आठ पायांची प्रचलित चकती, एक एलडीआर, म्हणजे प्रकाश पडला की ज्याचा रोध कमी होतो असा घटक, एक साधा रोधक, एक धारित्र, लहान स्पीकर आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढे साहित्य लागते. धारित्र भरते आणि रिकामे होते; ते जितक्या वेगाने भरते-रिकामे होते, तितका स्पीकरचा स्वर उंच. भरण्याचा वेग रोधावर अवलंबून, आणि रोध प्रकाशावर. म्हणून उजेड वाढला, की स्वर चढतो आणि सावली पडली, की उतरतो. हे सर्व ब्रेडबोर्डवर डाख न देताच जुळते. ब्रेडबोर्डवरील छिद्रांच्या रांगा बोटांनी मोजता येतात. चकतीच्या एका कडेला खाच असते. ती बोटाला लागली, की पहिला पाय कोणता हे ठरते. अडचण येते ती रोधकांची, कारण त्यांचे मूल्य रंगीत पट्ट्यांनी दाखवलेले असते आणि त्या पट्ट्या हाताला लागत नाहीत. प्रत्येक मूल्याचे रोधक ब्रेल चिठ्ठी लावलेल्या वेगळ्या पाकिटात ठेवणे, हा त्यावरचा सोपा उपाय. साधन तयार झाले, की विद्यार्थी खिडकी कोणत्या बाजूला आहे, दिवा चालू राहिला आहे का, पेल्यातील पाण्यात दूध पडले का, हे स्वतः शोधू लागतो.

अशी साधने घडवताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : साधनाने माणसाला माहिती द्यावी, की आज्ञा? अमेरिकेतील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या दृष्टिहीनांच्या संघटनेने दृष्टिहीन व्यक्तीला चालवता येईल अशी मोटार बनवण्याचे आव्हान अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना दिले. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात प्राध्यापक डेनिस हाँग यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांच्या गटाने ते स्वीकारले. २००९ साली त्यांची पहिली छोटी गाडी संघटनेच्या उन्हाळी विज्ञान शिबिरात आणण्यात आली आणि तेथे जमलेल्या दृष्टिहीन मुलांनी ती चालवून पाहिली. लेसर किरणांनी अंतर मोजले जाई, अंगातील जाकीट थरथरून वेगाची सूचना देई आणि चाक किती वळवावे हे कानात सांगितले जाई. गाडी चालली, पण चालकाचे काम आज्ञा पाळण्यापुरतेच उरले, अशी टीकाही झाली. दृष्टिहीनांना स्वतः चालवणारे यंत्र नको होते. रस्त्याची माहिती हवी होती, निर्णय त्यांचा त्यांना घ्यायचा होता. २९ जानेवारी २०११ रोजी डेटोना येथील शर्यतीच्या मार्गावर संघटनेचे मार्क रिकोबोनो यांनी सुधारित गाडी सर्वांसमक्ष चालवली. हातमोज्यांतील कंपने वळणाची आणि आसनातील कंपने वेगाची सूचना देत होती. पुढच्या वाहनातून टाकलेली खोकी त्यांनी चुकवली आणि त्या वाहनाला मागेही टाकले.

प्रयोगशाळेतील मदतनिसाविषयीही हाच प्रश्न उभा राहतो. हाता-पायांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या विद्यार्थ्याला मदतनीस आवश्यकच असतो, आणि चाकांच्या खुर्चीखालचे गुडघे मावतील असे कमी उंचीचे टेबलही. मदतनीस शंकुपात्र धरील, नळी फिरवील. परंतु किती थेंब, कोणत्या वेगाने आणि केव्हा थांबायचे, हे विद्यार्थ्याने सांगावयाचे असते. कर्णबधिर विद्यार्थ्यांची अडचण उपकरणांत फारशी नसून शब्दांत असते. ‘घनता’ किंवा ‘विद्युतरोध’ यांना खूणच नसेल, तर शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही अक्षरे जुळवत बसतात. नवी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ साली दहा हजार शब्दांचा सांकेतिक भाषाकोश प्रसिद्ध केला. त्यात शालेय विषयांतील संज्ञांनाही स्थान मिळाले.

भारतात २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने एकवीस प्रकारच्या अक्षमतांची नोंद घेतली आणि शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार योग्य सोयी पुरवाव्यात, असे बंधन घातले. त्याआधीची वाट खडतर होती. दिल्लीचा दृष्टिहीन विद्यार्थी कार्तिक साहनी याला दहावीनंतर विज्ञानशाखा घेण्यासाठी परीक्षा मंडळाकडे पुनःपुन्हा अर्ज करावे लागले. परवानगी मिळाली आणि २०१३ साली बारावीच्या परीक्षेत त्याने ९६ टक्के गुण मिळवले. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत मात्र त्याला आवश्यक त्या सोयी मिळाल्या नाहीत. तो अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्तीवर संगणकशास्त्र शिकला. छापील पाठ्यसामग्री दिव्यांगांना वाचता येईल अशा रूपात आणणाऱ्या ‘आय-स्टेम’ या उपक्रमाच्या संस्थापकांपैकी तो एक आहे. दृष्टिहीन मुलांच्या शाळांत गणित व विज्ञान पोहोचवण्यासाठी बंगळुरूमध्ये २०१७ साली ‘व्हिजन एम्पॉवर’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी विद्या वाय. या स्वतः दृष्टिहीन आहेत. स्पर्शाने ओळखता येतील अशा आकृत्या आणि प्रतिकृती वर्गात नेणे, आणि त्या कशा वापराव्यात हे शिक्षकांना शिकवणे, हे तेथील काम आहे.