बिस्फेनॉल-ए : माहीत असूनही झालेला उशीर

लंडनमध्ये संशोधक चार्ल्स डॉड्स कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात होते. त्यांनी तपासलेल्या द्रव्यांत बिस्फेनॉल-ए होतं आणि ते स्त्री-संप्रेरकासारखं वागतं, हे 1936 सालीच छापून आलं. दोन वर्षांनी त्यांच्या हाती त्याहून कितीतरी प्रभावी द्रव्य लागलं आणि औषध म्हणून बिस्फेनॉल मागे पडलं. 1950च्या दशकात तेच पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचा कच्चा माल म्हणून परतलं. बाळाच्या दुधाच्या बाटल्या, पाण्याचे जार, अन्नाच्या डब्यांचं आतलं अस्तर, सगळीकडे ते पोचलं. औषध असतं तर त्याची मात्रा ठरली असती. भांडं झालं, म्हणून कुणी विचारलंच नाही. माझा आक्षेप आहे तो इथेच.

1998मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे चुकून फरशी धुण्याच्या तीव्र साबणाने धुतले गेले. पारदर्शक प्लॅस्टिक धुरकट झालं, आणि जिथे एक-दोन टक्के बीजांडांत गुणसूत्रांचा घोळ दिसायचा, तिथे तो तब्बल चाळीस टक्क्यांवर गेला. कारण होतं प्लॅस्टिकमधून झिरपलेलं बिस्फेनॉल.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि हे द्रव्य काही तासांत लघवीवाटे निघून जातं, असं सांगितलं जातं. दोन्ही खरं आहे. पण 2003-04च्या अमेरिकी पाहणीत 93 टक्के लोकांच्या लघवीत ते सापडलं. जे रोज निघून जातं ते रोज आतही येत असतं. माणसांवरचे अभ्यास बहुतांशी निव्वळ सहसंबंध दाखवतात हेही मान्य, पण तान्ह्या बाळांना मुद्दाम बिस्फेनॉल पाजून पुरावा कोण गोळा करणार? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 4 मायक्रोग्रॅमची मर्यादा ठरवली आणि 2023मध्ये ती वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेला हे अतिरेकी वाटलं. तिने स्वतःचा आकडा दिला, 0.2 मायक्रोग्रॅम. म्हणजे विरोध करणाऱ्यांचा आकडाही जुन्या मर्यादेच्या विसाव्या हिश्शावर आला.

बाळांच्या बाटल्यांवर युरोपने 2011मध्ये बंदी घातली. अन्नाला लागणाऱ्या बहुतेक वस्तूंवरची बंदी यायला 2024चा डिसेंबर उजाडला. दुकानातल्या पावतीच्या कागदातही बिस्फेनॉल-ए असायचं; तिथून ते हटवलं गेलं, तेव्हा अनेक ठिकाणी त्याच्या जागी त्याचंच भावंड आलं, बिस्फेनॉल-एस. त्याचीही संप्रेरकांत ढवळाढवळ प्रयोगांत दिसली आहे. त्या गुळगुळीत पावतीवर नख ओढलं की काळी रेघ उठते. ती उठवणाऱ्या द्रव्याचं नाव पावतीवर कुठेच नसतं.